जुनी ११८ एनई, आजचा हायवे: नऊ महिन्यांनंतर

गाडी १९८९ ची प्रीमियर ११८ एनई, मामांची, नाशिकरोडला शेडमध्ये पाच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. नऊ महिन्यांपूर्वी ती बाहेर काढून आजच्या हायवेसाठी तयार करायला घेतली. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात, पण बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं ११७१ सीसी, ताकद मागच्या चाकांना, आणि एके काळी आपल्याकडच्या रॅल्यांत हीच पळायची, त्यामुळे हसू द्या.

हट्ट एकच होता, मुंबईला जाताना मागून कोणी डिपर मारता कामा नये. म्हणून पहिले पैसे घातले मोठ्या कार्बोरेटरवर (इंजिनात पेट्रोल-हवा मिसळून सोडतो तो) आणि धूर मोकळा सोडणाऱ्या फ्री फ्लो सायलेन्सरवर. आवाज असा की गंगापूर रोडला पोरं वळून बघायची, अ‍ॅव्हरेज १३ वरून ९ वर, आणि पुढचा क्रेटावाला तरी निवांत निघून जायचा. कंपनीचेच ५२ बीएचपी, त्यात किती वाढणार हो!

मग पावसाळ्यात कसारा घाट उतरताना पुढच्या कंटेनरने अचानक ब्रेक मारला, शेजारची नवी गाडी एबीएसवर, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकवर, जागच्या जागी थांबली, आणि माझं पेडल आपलं खाली खालीच चाललंय. दुसरा गिअर, हँडब्रेक, वीतभर अंतर राहिलं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रीने ब्रेक ऑइल काढून दाखवलं, चहासारखं काळं. म्हणे, हे तुमच्या मामांच्या लग्नातलं दिसतंय. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि मग घाटात तापलं की उकळतं, हे मला तेव्हा कळलं. मास्टर सिलेंडर, होस, लायनर सगळं नवं, डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल, पायाचा जोर वाढवणारा मोठा बूस्टर, त्याचं ब्रॅकेट अंबडला बनवून घेतलं. वर चांगले रेडियल टायर. आता घाटात मी निवांत असतो, मागच्याला काय वाटतं ते माहीत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी काम म्हणजे हेडलाईटचे रिले, छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच. आधी सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून फिरून यायचा, बल्बपर्यंत निम्मा जीव जायचा, आता बॅटरीतून जाड वायरने थेट. आठशे रुपयांत रात्र दिसायला लागली राव. डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलंय, सकाळी पहिल्या सेल्फला उठते.

त्रास ई२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. रबरी पाइप फुगले, केबिनमध्ये वास यायला लागला, तेव्हा ते बदलले आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते भोक, एक नंबर मोठा केला कारण इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. जुन्या गाडीवाल्यांनी हे आधी करा, सायलेन्सर मग.

समृद्धीवर एकदाच गेलो, इगतपुरी ते आमणे. लिमिट १२० ची, आपण डावीकडे ९० वर, कारण गिअर चारच आणि शंभरला इंजिन किंचाळतं. आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर तो आवाज घुमून कानठळ्या बसल्या, बायको म्हणाली परत येताना मी ट्रेनने येते. पाच गिअरचा बॉक्स शोधतोय, भंगारवाल्यांकडे चकरा चालू आहेत, आणि आरसीवर काय लागेल ते आधी आरटीओत विचारून मगच हात लावणार.