बाबांच्या काँटेसाचा ब्लॉक बोअरिंगला दिला आणि घरी भलताच आला

हे लिहायला मला बरेच महिने लागले, कारण लिहायला बसलं की डोकं तापतं. पण परवा इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला, दादा, अँबॅसिडरचं इंजिन काढून एका मिस्त्रीला देतोय, चांगला माणूस आहे म्हणतात. नाव विचारलं तर तोच निघाला. तेव्हा ठरवलं की आता सगळं लिहून टाकायचं. मिस्त्रीचं नाव इथे देत नाही, प्रकरण चालू आहे, पण त्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण अशी माणसं प्रत्येक शहरात आहेत.

गाडी म्हणजे काँटेसा क्लासिक, १९९२ची, १.८ इसुझू पेट्रोल. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा मुळात विलायतेतल्या व्हॉक्सहॉलच्या साच्यावरून आली, सुरुवातीला तिच्यात अँबॅसिडरचंच १५००चं जुनं इंजिन होतं, एवढी मोठी गाडी आणि ओढायला दम नाही. मग इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले आणि ती खरी धावायला लागली. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद, म्हणून तर लोक तिला आपल्याकडची मसल कार म्हणतात. आणि हे इंजिन बनायचं कुठे, तर आपल्या पीथमपूरला. बाबा त्याच प्लांटमध्ये नोकरीला होते. रोज सकाळी बसने इंदूरहून जायचे. १९९७मध्ये त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली, घेताना बॉनेट उघडून आधी इंजिनावरचा नंबर वाचला आणि घरी येऊन डायरीत लिहून ठेवला. त्यांची एक सवय होती, स्वतःच्या हाताने उघडून बसवलेल्या भागावर पिवळ्या ऑइलपेंटची एक टिकली लावायची. आमच्या गाडीच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य धडावर एक आणि हेडवर, म्हणजे त्याच्या वरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणावर एक अशा दोन टिकल्या होत्या.

२०११मध्ये बाबा गेले आणि गाडी रामबागेतल्या घराच्या पोर्चमध्ये उभी राहिली ती राहिलीच. १३ वर्षं. मी २०२४च्या उन्हाळ्यात हात घातला. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं, वायरिंग कुरतडलेलं, टाकीतल्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास, ब्रेक जाम. हे सगळं घरीच रविवारी रविवारी उरकलं. इंजिन मात्र जाम होतं. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं एटीएफ ऑइल निम्मं निम्मं ओतलं, दहा दिवस तसंच ठेवलं, मग क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या शाफ्टला, लांब दांडा लावून थोडं पुढे थोडं मागे असं करत सोडवलं. हेड उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचं कडं, नखाला लागेल एवढं. मोजायला व्हर्नियर लावला, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ८४ मिलीमीटर, कंपनीचा स्टँडर्ड, तोवर एकदाही बोअरिंग न झालेला, म्हणजे मशीनवर आतून कापून मोठा न केलेला. मला फार आनंद झाला होता त्या दिवशी. आईला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं.

इथपर्यंत घरी होतं, पण बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग घरी होत नाही, त्याला मशीनच लागते. आणि इथेच मिस्त्री आला. देवास नाक्याच्या बाजूचा, एका ओळखीच्यांनी पाठवलेला. आधी तो दोन रविवार घरी आला, ब्रेकची कामं केली, पैसे वाजवी घेतले, उलट एकदा मी दोनशे जास्त दिले तर परत केले. आईच्या हातचे पोहे खाल्ले, बाबांचा फोटो बघून हात जोडले. माझा विश्वास बसला तो तिथेच बसला. आता मागे वळून बघताना कळतं की हे सगळं त्या एका दिवसासाठी चाललं होतं, ज्या दिवशी तो म्हणाला, "भिया, ब्लॉक तो बाहर देना पड़ेगा, टेंशन मत लो, नया जैसा करके दूँगा."

अनंत चतुर्दशी झाली आणि दोन दिवसांनी ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं लोडिंग रिक्षात गेलं. हेड मी ठेवून घेतलं, व्हॉल्व्ह मला स्वतः बसवायचे होते. पावती मागितली तर म्हणाला पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी तुम्हालाच पडेल, आणि मी गप्प बसलो. २५ हजार ॲडव्हान्स दिला. मग दिल्लीच्या काश्मीरी गेटहून, बोअरिंगने सिलिंडर मोठा होतो म्हणून अर्धा मिलीमीटर ओव्हरसाइजचे नवे पिस्टन मागवायचे म्हणून १८ हजार. मग क्रँकचे ९ हजार. पैसे दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर, कधी भाचा, कधी मेहुणा. एकूण ५२ हजार झाले. मग सुरू झाली कारणं, दिवाळी, मशीनवाल्याच्या घरचं लग्न, दिल्लीचं पार्सल अडकलं. मी दुकानावर जायचो तर ब्लॉक मशीनशॉपला, मशीनशॉपचा पत्ता विचारला तर "सांवेर रोड पे है, आप कहाँ जाओगे." सहा महिन्यांत मला माझा ब्लॉक एकदाही दिसला नाही. तुमची वस्तू कुठे आहे हे जो माणूस दाखवत नाही त्याच्याकडे ती बहुतेक नसते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक झाली, त्याच आठवड्यात रात्री आठच्या पुढे रिक्षा दारात. अंधार, घाई, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आई आतून विचारतेय कोण आलं, आणि मिस्त्री म्हणतोय बाकीचे चार हजार द्या, मला पुढे जायचंय. मी दिले.

सकाळी चहा घेऊन बाहेर आलो. ब्लॉकवर काळा रंग जाड थापलेला. हेड बसवलेलं नव्हतं त्यामुळे पिस्टनचे माथे समोरच दिसत होते, फडक्याने ऑइल पुसलं तर चौघांवरही १.०० कोरलेलं, म्हणजे एक मिलीमीटर ओव्हरसाइज. मी अर्ध्या मिलीमीटरचे पैसे दिले होते. व्हर्नियर लावला, ८५. पिस्टनही नवे नव्हते, माथे घासून चकचकीत केलेले पण वरच्या रिंगच्या खाचेत जुना कार्बन तसाच काळा बसलेला. मग हाताला थरथर सुटली. थिनर घेतलं आणि इंजिन नंबर कोरलेला असतो त्या पट्टीवरचा काळा रंग पुसला. खाली नंबर नव्हता, ग्राइंडरच्या आडव्या रेषा होत्या. एका कोपऱ्यात एका आकड्याची अर्धी कड उरली होती फक्त. पिवळी टिकली अर्थातच नाही.

म्हणजे झालं काय होतं, तर माझा स्टँडर्ड बोअरचा ब्लॉक कुणाला तरी विकला गेला आणि बोअरिंग करकरून संपलेला एक ब्लॉक माझ्या गळ्यात मारला. काँटेसा २००२मध्ये बंद झाली, नवे ब्लॉक मिळत नाहीत, आणि हेच इंजिन अँबॅसिडर १८०० आयएसझेडमध्येही होतं त्यामुळे टॅक्सी चालून झिजलेले ब्लॉक भंगारात सापडतात, पण बोअरिंग न झालेला ब्लॉक सापडत नाही. गाडी पूर्ववत करणारे लोक त्याच्यासाठी चांगले पैसे मोजतात.

दुकानावर गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "यही तो था." पिवळ्या टिकलीचं विचारलं तर कॉस्टिकच्या टाकीत ब्लॉक उकळला, रंग निघून गेला. हे उत्तर खोटं नाही, रंग खरंच निघतो, आणि म्हणूनच सांगतो, रंगाच्या खुणेवर विसंबू नका. सेंटर पंच, म्हणजे लोखंडावर टिंब ठोकायची टोकदार छिन्नी घ्या आणि मशीन न लागणाऱ्या जागी, तुमच्या तुम्हाला माहीत असेल अशा ठिकाणी दोन-तीन टिंबं ठोका. इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओचे एजंट चेसिस प्रिंट घेतात तसं, आणि त्या कागदावर नेणाऱ्याची सही घ्या. बोअर किती आहे ते त्याच कागदावर लिहा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. बिलावरचे १८ टक्के वाचवले आणि पुरावाच हातातून घालवला.

आणि हे फक्त पैशाचं नाही. गाडीची नोंदणी २०१२ला संपलीय, ती रस्त्यावर आणायची तर नायता मुंडल्याला आरटीओत तपासणी, तिथे इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवतात. ५० वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज नोंदणी वेगळी, ती आमच्या गाडीला लागू नाही. इंजिन रीतसर बदललं तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद करता येते, पण घासलेल्या नंबरचं काय सांगणार? तो चोरीच्या गाडीचा ब्लॉक नाही हे मी कशावरून म्हणू? हा ब्लॉक गाडीत बसवला तर उद्या उत्तर मला द्यावं लागेल.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी पावती नाही म्हणून परत पाठवलं. मग बाबांची डायरी, जुना विमा, आरसी, यूपीआयचे सगळे स्क्रीनशॉट आणि मिस्त्रीचे व्हॉट्सअॅपवरचे आवाज, ज्यात तो स्वतः "आपका ब्लॉक मशीन पे चढ़ गया" म्हणतोय, असं सगळं एकत्र करून लेखी अर्ज दिला. फसवणुकीचं कलम ३१८ आणि सोपवलेली वस्तू गिळंकृत केल्याचं ३१६, भारतीय न्याय संहितेतली. अर्जाची पोच शिक्क्यासकट घेतली. त्यानंतर आठवड्याभरात मिस्त्रीने २० हजार परत पाठवले, परत तिसऱ्याच खात्यातून, आणि वर निरोप की आता विषय संपवा. संपवला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं एवढंच. मला ते आवाजच कामी आले, म्हणून मिस्त्री लोकांशी व्हॉट्सअॅपवर बोला, फोनवर बोललात तरी नंतर एक ओळ टाइप करून पाठवा, ती पुढे उपयोगी पडते.

सुदामा नगरातल्या मुलाने इंजिन दिलं नाही. त्याच्याकडे मी स्वतः गेलो, दोघांनी मिळून नंबराचा कागद काढला, पंच मारला, आणि आता ज्या मशीनशॉपला द्यायचं तिथे तो ब्लॉक मशीनवर चढेपर्यंत उभा राहणार आहे.

माझ्या पोर्चमध्ये तो काळा ब्लॉक फळ्यांवर पडलाय, पुरावा म्हणून त्याला हात लावत नाही. हेड आत कपाटात आहे. आईने ते जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलंय, व्हॉल्व्ह बसवून झालेत, पिवळी टिकली तशीच आहे.