मानक बदलले तर चिपचे काय? फर्मवेअर, एम्बेडेड एफपीजीए आणि वेगळी एफपीजीए

टेपआउट झाले, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे गेले, की चिपमधले लॉजिक गोठते, मानके मात्र थांबत नाहीत. पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम संगणकांसमोरही टिकावी अशी क्रिप्टोग्राफी, हे त्याचे ताजे उदाहरण, म्हणून तुलना तिच्याच आधारे करू. समजा, नेटवर्क गेटवेसाठी चिप बनते आहे आणि ती दहा वर्षे वापरात राहणार आहे. पर्याय तीन: इंजिन पक्के ठेवून कामाचा क्रम फर्मवेअरकडे द्यायचा, चिपच्या आतच प्रोग्रॅमेबल लॉजिकचा तुकडा ठेवायचा, म्हणजे एम्बेडेड एफपीजीए, नाहीतर बोर्डावर शेजारी वेगळी एफपीजीए, म्हणजे नंतरही लॉजिक बदलता येणारी चिप, लावायची.

लवचिकता किती हवी, हा प्रश्न जरा नंतर विचारावा. आधी बघायचे ते हे, की मानकाचा नेमका कोणता थर हलणार आहे.

कायबरमध्ये काय काय हलले

कायबर हा सामायिक की ठरवण्याचा पोस्ट-क्वांटम अल्गोरिदम. त्याच्या २०१७ च्या मसुद्यात मॉड्युलस, म्हणजे ज्याने भागून बाकी घ्यायची तो आकडा, ७६८१ होता. २०१९ मध्ये मानकाच्या निवडीच्या दुसऱ्या फेरीत तो ३३२९ झाला. कागदावर एकच आकडा बदलला. सर्किटमध्ये मात्र १३ बिटांचे १२ बिट झाले, ७६८१ साठी शिफ्ट आणि वजाबाकीवर बांधलेले रिडक्शन (बाकी काढणारे सर्किट) निकामी ठरले, आणि ३३२८ ला ५१२ ने भाग जात नसल्यामुळे एनटीटीचे (बहुपदींचा गुणाकार झटपट करणाऱ्या रूपांतराचे) आठ थर सातवर आले. शिवाय शेवटी एकेक सहगुणक गुणण्याऐवजी जोड्यांचा गुणाकार करावा लागू लागला.

ऑगस्ट २०२४ मध्ये हेच एफआयपीएस २०३ हे अमेरिकी सरकारी मानक म्हणून, एमएल-केईएम या नावाने पक्के झाले. तेव्हा बदलले ते हॅश कुठे घ्यायचा आणि सामायिक की कशी काढायची एवढेच. एनटीटीला धक्का लागला नाही. सोबतच्या एफआयपीएस २०४ मध्ये, म्हणजे एमएल-डीएसए या डिजिटल सहीच्या मानकात, मधल्या पातळीची सही ३२९३ बाइटांवरून ३३०९ वर गेली. असे बदल फर्मवेअरमध्ये निभावतात, फक्त बफरची लांबी हार्डवेअरमध्ये कोरलेली नसावी.

पक्के इंजिन आणि फर्मवेअर

सर्वांत स्वस्त, आणि बहुतेकांना पुरणारा पर्याय. केचॅक, म्हणजे हॅशचा गाभा, २०१५ पासून एफआयपीएस २०२ मध्ये स्थिर आहे. ते बिनधास्त पक्के करा. गुणक (गुणाकार करणारे सर्किट) २४ बिटांचा ठेवा, कारण एमएल-डीएसएचा मॉड्युलस ८३८०४१७ आहे आणि तो २३ बिटांत बसतो. मॉड्युलस रजिस्टरमधून घ्या, ट्विडल गुणक (एनटीटीतले ठरावीक आकडे) रॉममध्ये न कोरता रॅममध्ये ठेवा, थरांची संख्याही रजिस्टरमध्ये. एवढे केले असते तर ७६८१ वरून ३३२९ वर जाणेही फर्मवेअरनेच जमले असते. क्षेत्रफळ थोडे वाढते, पण फॅब्रिकच्या, म्हणजे एफपीजीएतल्या प्रोग्रॅमेबल लॉजिकच्या, तुलनेत ते किरकोळ.

हा पर्याय तोकडा पडतो तो गणिताची जातच बदलली की. मार्च २०२५ मध्ये एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने एचक्यूसी हा राखीव अल्गोरिदम निवडला. त्यात द्विमान बहुपदींचा, हातचा नसलेला गुणाकार आहे. एनटीटी इंजिन तिथे बसून राहते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. सेकंदाला काही मोजकेच हँडशेक (जोडणी सुरू होतानाची की ठरवण्याची देवाणघेवाण) असतील तर चालून जाते.

एम्बेडेड एफपीजीए

किंमत आधी ऐका. टोरांटो विद्यापीठाच्या इयान कून आणि जोनाथन रोझ यांनी २००७ मध्ये मांडलेली तुलना ९० नॅनोमीटरवरची आहे: निव्वळ लुकअप टेबलांवर (लॉजिक साठवणाऱ्या छोट्या तक्त्यांवर) बांधलेल्या लॉजिकला पक्क्या लॉजिकच्या सरासरी ३५ पट जागा, तिप्पट-चौपट विलंब आणि सुमारे १४ पट गतिक वीज. गुणक आणि मेमरीचे पक्के ब्लॉक जोडले तर जागेची तफावत १८ पटीपर्यंत उतरते. प्रक्रिया बदलली की आकडे हलतील, पण अंदाज बांधायला पुरेसे आहेत. म्हणून अख्खे क्रिप्टो फॅब्रिकमध्ये टाकणे हा उधळेपणा आहे. वेगही हवा आणि गणितही अनिश्चित, अशा एकाच तुकड्यासाठी ते ठेवावे.

फसगत बहुधा लुकअप टेबलांच्या संख्येत होत नाही, ती फॅब्रिकच्या कडेला होते. कडेच्या तारा सिलिकॉनमध्ये कायमच्या ठरतात. आत जागा शिल्लक आहे पण मेमरीपर्यंत वाटच नाही, अशी गत होऊ नये म्हणून बसवर स्लेव्हबरोबर मास्टर पोर्टही, म्हणजे स्वतःहून मेमरी वाचू-लिहू शकणारे, द्या, दोन-चार इंटरप्ट आणि काही मोकळ्या तारा सोडा. फॅब्रिक बाकी चिपपेक्षा मंद चालणार, तेव्हा मध्ये दोन घड्याळांचा फिफो (डेटाची रांग) आणि दोन्ही बाजूंना फ्लॉप हवेत. बिटस्ट्रीम, म्हणजे फॅब्रिकचे लॉजिक ठरवणारी फाइल, लोड होईपर्यंत फॅब्रिकचे आउटपुट काहीही असू शकतात. ते आयसोलेशन सेलने बांधून ठेवले नाहीत तर बूटच्या वेळी बस अडकते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. आजच्या डिझाइनने ६०–७० टक्क्यांहून जास्त जागा खाऊ नये. त्यापुढे राउटिंग अडू लागते, आणि उद्याच्या बदलासाठीच तर हा सगळा खर्च होता! गुणक ब्लॉक घ्याच. १२ बाय १२ चा गुणाकार नुसत्या लुकअप टेबलांत केला तर साधारण दीडशे टेबले जातात.

शेजारची एफपीजीए

नग थोडे असतील किंवा चिप आधीच तयार असेल तर हाच मार्ग. चिपला हात लागत नाही. मोबदल्यात पिना, वीज आणि बोर्डावरची जागा जाते.

बूटचा हिशेब मात्र आधीच करा. झायलिंक्स कंपनीच्या आर्टिक्स-७ १००टी या एफपीजीएची बिटस्ट्रीम ३,०६,०६,३०४ बिटांची आहे. चार तारांवर ५० मेगाहर्ट्झने ती १५३ मिलिसेकंदांत येते. टूलमधली ३ मेगाहर्ट्झ, एक तार ही मूळ सेटिंग तशीच राहिली तर दहा सेकंद! पीसीआय एक्स्प्रेसवर लिंक १०० मिलिसेकंदांच्या आसपास तयार लागते, त्यामुळे १५३ सुद्धा उशीरच. मग बिटस्ट्रीम कॉम्प्रेस करावी लागते किंवा दोन टप्प्यांत लोड करावी लागते.

सुरक्षेचा मुद्दा २०२० मध्ये उघड झालेल्या ‘स्टारब्लीड’ या त्रुटीने लख्ख केला. झायलिंक्सच्या ७-सिरीजमध्ये बिटस्ट्रीमचे एन्क्रिप्शन फोडता आले, आणि ते उलगडणारे सर्किट स्वतः पक्क्या सिलिकॉनमध्ये असल्यामुळे विकलेल्या चिपांवर दुरुस्ती शक्य नव्हती. म्हणून बिटस्ट्रीमची सही फक्त एफपीजीएच्या भरवशावर सोडू नका. मुख्य चिपच्या बूट कोडमध्येही ती तपासा.

निवड

सेकंदाला शेकड्यांत हँडशेक: फर्मवेअर. हजारांत, आणि लाखभर नग: पक्के केचॅक, रजिस्टरवर चालणारा गुणक आणि छोटेसे फॅब्रिक. हजारभर नग: शेजारची एफपीजीए.

शेवटच्या दोन्हींत फ्लॅशमध्ये दोन जागा ठेवा, एक चालू आणि एक खात्रीची जुनी, शिवाय जुनी सदोष आवृत्ती परत चढू नये म्हणून उलट न फिरणारा काउंटर. एफआयपीएस १४०-३ (क्रिप्टो उपकरणांच्या सुरक्षेचे मानक) प्रमाणपत्र लागणार असेल तर नवी बिटस्ट्रीम म्हणजे नवी तपासणी. तो वेळ योजनेत धरा. आणि एम्बेडेड एफपीजीए घेताना करारात कंपायलरची ठरावीक आवृत्ती, तिचा परवाना आणि ती ज्यावर चालते त्या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत दहा वर्षांसाठी मागून घ्या, कारण फॅब्रिक शाबूत असूनही त्यासाठी बिटस्ट्रीम बनवणारे टूल हाताशी नसेल तर तो भाग बदलताच येत नाही.