नाईट ट्रॅप (स्विचवरचा): एवढा गोंधळ याच्यासाठी?

१९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये लीबरमन आणि कोल या सिनेटरांनी ज्या व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरून आरडाओरडा केला तो हा, आणि खेळून बघितला तर भीती सोडा, हसूच येतं राव. खरे कलाकार घेऊन शूट केलेला व्हिडिओ, आपण नुसतं घरातले कॅमेरे बदलत बसायचं आणि मुलींवर हल्ला करणारे ते काळे कपडेवाले ऑगर आले की बरोबर टायमिंगला ट्रॅपचं बटण दाबायचं, म्हणजे मुलींना वाचवायचंय, मारायचं नाहीये, हे सिनेटरसाहेबांना कोणी सांगितलंच नसावं. मॉर्टल कोम्बॅट या रक्तबंबाळ मारामारीच्या गेमवर चिडले ते एकवेळ समजू शकतो. त्या गदारोळातूनच १९९४ ला ईएसआरबीचं (गेम कोणत्या वयासाठी ते ठरवणारी अमेरिकेतली संस्था) रेटिंग आलं, ते मात्र बरंच झालं.

गंमत म्हणजे निन्टेंडोचे हॉवर्ड लिंकन तेव्हा छातीठोकपणे म्हणालेले की हा आमच्या मशीनवर कधीच येणार नाही, आणि २०१८ ला निन्टेंडोच्याच स्विचवर आला, तोही टीन (१३ वर्षांपुढच्यांसाठी) रेटिंग घेऊन!

गेम म्हणून विचाराल तर, एका खोलीत स्टोरी चालू असते तेव्हाच दुसरीकडे ऑगर घुसतात, दोन्ही जमत नाही, शेवटी पाठांतर करावं लागतं. अ‍ॅक्टिंग तर विचारूच नका. सेलमध्ये असेल तरच घ्या. ५ पैकी अडीच.