साधा कंडोम की बायकांचा?

तुर्भ्याच्या एका ताईनं विचारलं, गिऱ्हाईक पिऊन आलं की कंडोमला नाही म्हणतं, मग बायकांचा वापरू का? बघा ताई, साधा निरोध सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी-सल्ला केंद्रात) फुकट मिळतो, बायकांचा महाग आणि प्रत्येक मेडिकलवाल्याकडे नसतोच. पण तो आधीच बसवून ठेवता येतो, पिणाऱ्याच्या मूडवर काही नाही, फक्त बाहेरची रिंग बाहेरच राहिली पाहिजे आणि सुरुवातीला गिऱ्हाईकाचं लिंग कंडोमच्या बाजूनं घुसत नाहीये ना ते हातानं बघायचं, सवयीनं जमतं. खोबरेल लावलं की लेटेक्सवाला (साध्या रबराचा) फाटू शकतो, नायट्राइलला (वेगळं, कृत्रिम रबर) तेल चालतं, पाकीट वाचा. दोन्ही एकदम नको हां, घासून फाटतात.

रोजच्याला निरोध, कटकटवाल्याला बायकांचा. फाटलाच तर ७२ तासांच्या आत सरकारी हॉस्पिटलात पीईपी (एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध) मागा, २८ दिवस गोळ्या, जितक्या लवकर सुरू तितकं बरं.