कुत्र्या-मांजराला कच्चं चिकन की उकडलेलं, सोलापुरात ठरवायचं असेल तर

पाकिटातलं खाणं कमी करून घरचं मांस द्यायचं हे ज्यांचं आधीच ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे कांदा-लसूण चालत नाही, शिजवलेलं हाड द्यायचं नाही वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच उरतो की कच्चं द्यायचं की उकडून. आमच्याकडे एक गावठी कुत्री आणि एक बोका, दोघांना दोन्ही देऊन बघितलंय.

कच्च्याच्या बाजूने बोलण्यासारखं लई आहे बघा. कुत्री चिकनची मान कडाकडा चावते तेव्हा ती किती खूश असते ते लगेच कळतं, शी घट्ट आणि कमी होते, वासही कमी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कच्च्या मऊ हाडातून कॅल्शियम आपोआप जातं. नुसतं बोनलेस देत राहिलं तर फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. उकडलेलं देणाऱ्याला हे वेगळं सांभाळावं लागतं. मी अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरला अगदी बारीक पूड करतो आणि किलोभर बोनलेसमागे चमचाभर घालतो.

मांस उकडलं की टॉरिन (मांसातला एक पोषक घटक, अमिनो आम्ल) कमी होतं, हा मुद्दा कच्चं देणारे हमखास काढतात आणि तो खराच आहे. मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं टॉरिन बनवता येत नाही, ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं, हे अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झालं. पण मांस साधं उकडलं तर टॉरिन मुख्यतः पाण्यात उतरतं, म्हणजे ते अळणी पाणी फेकायचं नाही, मांसावरच ओतायचं. ब्रेस्टऐवजी लेगचं मांस आणि हृदय (दिल, कलेजी नव्हे) घेतलं तर मुळातच टॉरिन जास्त मिळतं. आमचा बोका आधी अळणी पितो आणि मग मांसाकडे वळतो.

आता माझ्यापुरतं ज्याने ठरलं ते सांगतो. बोका कच्चा तुकडा भांड्यात खातच नाही. तोंडात धरून पलंगाखाली नेतो, नाहीतर थेट चादरीवर, आणि स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत फरशीवर गुलाबी ओला ओघळ. घरात रांगणारं पोर आहे, ते त्याच फरशीवरून हात फिरवतं आणि हात तोंडात घालतं. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात, जनावर ठणठणीत दिसतं पण त्याच्या शीतून ते घरभर पसरतात. बरं, फिनेल मारावं तर ते मांजराला विषारी, पंजे चाटताना पोटात जातं. म्हणजे दरवेळी गरम पाणी आणि साबण, परत स्वच्छ पाणी, शिवाय चादर धुवायला टाका. आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात तर बादली मोजून वापरावी लागते. प्यायचं पाणी जपायचं का फरशी धुवत बसायचं? उकडलेला तुकडा पण तो ओढून नेतोच, पण तो कोरडा केरसुणीने उचलला की झालं. हा एक त्रास गेला आणि घरातली रोजची कटकटच थांबली.

फ्रीजर आहे म्हणून कच्चं सुरक्षित असं बरेच जण मानतात. गोठवल्याने काही परजीवी मरतात, साल्मोनेला टिकतो आणि बर्ड फ्लूचा विषाणूसुद्धा टिकू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हा कच्च्या चिकनवरच संशय होता. वाघाची ही गत तर आपल्या बोक्याचं काय. नीट शिजवलं की हा विषय संपतो. त्यात एप्रिल-मेमधलं आपलं ऊन, पारा चाळिशीपार आणि मध्येच लाईट जाते, अशात अर्धवट वितळलेलं मांस परत गोठवायला माझं मन धजत नाही.

तरी कुणाकडे वेगळा डीप फ्रीजर आहे, बोअरचं पाणी आहे, घरात लहान मूल किंवा आजारी म्हातारं माणूस नाही आणि फक्त कुत्रा आहे, तो अंगणात खातो, तर त्यांनी कच्चं देऊन बघायला माझी काही हरकत नाही, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. मांजर असेल, तेही फ्लॅटमध्ये, तर मी उकडलेलंच सुचवीन. कुत्रीला त्यातच ज्वारीची भाकरी कुस्करून चालते, तिला पिठाचं पचतं, बोक्याला भाकरी नाही. सुरुवातीला बोका रुसेल, तेव्हा कोमट असतानाच द्या, फ्रीजमधलं गार नको, वास आला की खातो. पिल्लू किंवा गाभण मांजर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कलेजी मात्र कच्ची असो की शिजलेली, हात राखूनच, एकूण मांसाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. स्वस्त मिळते म्हणून मांजराला रोज तीच घातली तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेची हाडं आखडून त्याला स्वतःचं अंगसुद्धा चाटता येत नाही.