प्लांट बेस्ड मटण खिमा: कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातून

आमच्या ह्यांना गेल्या वर्षी स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी मटण महिन्यातून एखाद्या वेळेवर आणलं. कोल्हापुरात ही लहान गोष्ट नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा इथे लोकांनी आंदोलन केलं होतं. त्यामुळे पुण्याहून येताना मुलाने 'प्लांट बेस्ड मटण खिमा' लिहिलेली फ्रोजन पाकिटं आणली, तेव्हा मीच आधी फोडली. नंतर वेगवेगळ्या कंपन्यांची मागवून पाहिली. कुणा एकाचं नाव लिहीत नाही, कारण मागची यादी जवळपास एकच निघाली: सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन, तेल, मीठ, मसाले, चवीसाठीचे पदार्थ आणि ४६१ नंबरचा बाइंडर, म्हणजे सगळं एकत्र धरून ठेवणारा पदार्थ.

आधी चव. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटण केलं, कांदा तांबूस परतला, आपली कांदा-लसूण चटणी घातली आणि मग खिमा टाकला. कुकर लावायचा नाही, लगदा होतो. कढईत दहा मिनिटं पुरतात. सोयाचा जो एक कच्चा वास असतो तो वाटण नीट परतल्यावर आणि चटणीपुढे उरत नाही. गरम गरम भाकरीबरोबर ह्यांनी पुन्हा मागून घेतला, आणि हे जेवणाच्या बाबतीत खोटं कौतुक करणारे नाहीत. चावायला खिम्याच्या खूप जवळ जातो.

पण गरम असेपर्यंतच. त्या ४६१ नंबरचं नाव मिथाइल सेल्युलोज. ते तापलं की घट्ट होतं आणि गार झालं की सैल पडतं. म्हणून ताटात छान लागलेला खिमा डब्यात मऊ पडतो. डब्यासाठी करणार असाल तर तिथे परत गरम करायची सोय आहे का ते बघा.

रश्श्याचं मात्र विसरा. तांबडा असो की पांढरा, त्याचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतो. हाडासकट मटण शिजून पाण्यात जे उतरतं ते ह्या पाकिटात नाहीच. नारळाच्या दुधात मिरी-दालचिनी घालून मी पांढरा करून पाहिला. चांगलं सूप झालं, पांढरा झाला नाही. कंपन्या पाकिटावर रश्श्याचा फोटो छापतात तो छापू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. पाकिटावर 'झीरो कोलेस्टेरॉल' मोठ्या अक्षरात असतं. ते खरंच आहे, कुठल्याच वनस्पतीत नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं, शेंगदाण्यातही नाही. हृदयाच्या माणसाने पाकीट उलटं करून दोन आकडे बघायचे: सॅच्युरेटेड फॅट (कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी) आणि सोडियम (मिठातून येतं ते). तेल खोबऱ्याचं असेल तर पहिला आकडा चढतो. दुसरा तर बहुतेक ठिकाणी चढलेलाच असतो. आमच्याकडच्या एका पाकिटात १०० ग्रॅमला सोडियम साडेचारशे मिलीग्रॅमच्या आसपास होतं. साध्या कच्च्या मटणात ते शंभराच्या आत असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलीग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. ह्यांच्या भूकेने दोनशे ग्रॅम खिमा खाल्ला की जवळजवळ निम्मा कोटा तिथेच संपला, वर चटणीतलं मीठ वेगळं. म्हणून मी ह्या खिम्यात वरून मीठ अजिबात घालत नाही आणि त्या दिवशी पापड-लोणचं ताटात येत नाही.

मुलाने मला अभ्यासही दाखवले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ जणांना आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे असे वनस्पतीजन्य पदार्थ दिले. २०२० साली निष्कर्ष आले: वनस्पतीच्या आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सरासरी १२१ ऐवजी ११० आणि वजन किलोभर कमी. खर्च ज्या कंपनीने दिला ती हेच पदार्थ विकते, हेही तिथेच नोंदलेलं आहे. पुढे २०२४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी मधुमेहाचा धोका असलेल्या माणसांवर तसाच प्रयोग केला, तर मांसापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. मला दोन्ही पटतात. रोज चरबीचं मटण खाणाऱ्याने हे घेतलं तर फरक पडेल. आधीच बेताने खाणाऱ्याला ते औषध नव्हे.

लोकांचं म्हणणं तर घरोघरी निराळं. माझ्या जाऊबाई माळकरी आहेत. हिरवा ठिपका दाखवला तरी त्यांनी ताट बाजूला सारलं: "दिसायला मटण, वासाला मटण, मग मी सोडलं काय?" त्यांच्या बोलण्याला वजन आहे, मी पुन्हा आग्रह केला नाही. तालमीत जाणारा पुतण्या वेगळ्याच कारणाने हात लावत नव्हता. सोयाने पुरुषी ताकद जाते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. पुरुषांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये आणि परत २०२१ मध्ये तपासले गेले. टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. हे त्याला वाचून दाखवलं. आता खातो, पण वस्तादांना सांगत नाही.

किंमत मला खटकते, आणि ती फक्त माझ्या पिशवीसाठी नाही. पाव किलोचं पाकीट तीनशेच्या घरात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे किलोला ४९, आणि लातूरकडच्या शेतकऱ्यांना बाजारात तोही मिळाला नाही. मधला पैसा यंत्राचा, गोठवण्याचा, जाहिरातीचा.

म्हणून आमच्याकडे असं ठरलंय. पाहुणे आले, किंवा ह्यांना फारच आठवण झाली, तर पाकीट. एरवी सोया ग्रॅन्युल्स. शंभर ग्रॅम कोरड्या सोयात पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन, चरबी नावाला, मीठ आपल्या हातात. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायचं, मग त्याच वाटणात परतायचं आणि वर लिंबू पिळायचं. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. चव पाकिटाच्या एक पायरी खाली, पण आठवड्याला करता येते.

मटण पूर्ण बंद करून ह्यावर येणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पाकिटात ते वरून घातलंय का हे यादीत दिसतं. आणि घरात कुणाची थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि गोळी ह्यांत चांगलं अंतर ठेवा, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. माझी गोळी सकाळी सहाला असते, म्हणून खिमा आमच्याकडे दुपारीच होतो.