फियाट १६०० एस की अल्फा जुलिया स्पायडर? घेण्याआधी हे वाचा

साठच्या दशकातली इटालियन उघडी गाडी घ्यायचीय, फेरारी-मासेराटीचे भाव बघून परत फिरलोय, आता काय, असं विचारणारे बरेच जण असतात. खासकरून युरोप-अमेरिकेत राहणारे आपले लोक, ज्यांना तिथे अशा गाड्या विकायला दिसतात. त्यांच्यापुढे शेवटी बहुतेक वेळा दोन नावं उरतात, अल्फा रोमिओची जुलिया स्पायडर आणि फियाटची १६०० एस कॅब्रिओले. माझं मत आधीच सांगतो, दर रविवारी चालवायची असेल तर अल्फा. फियाट घ्यायची तर ती फक्त तिच्या इंजिनासाठी, आणि ते इंजिन खरं असेल तरच.

दिसायला दोघींवर हात एकाच घराचा, गाड्यांच्या बॉडी आखणाऱ्या पिनिनफरिनाचा. अल्फाची बॉडी मुळात १९५५ च्या जुलिएट्टा स्पायडरची, गोलसर, छोटीशी, कुठूनही बघा सुंदरच. १९६२ मध्ये तिच्यात १५७० सीसीचं इंजिन बसवलं आणि नाव जुलिया झालं, नवीन इंजिन उंचीला जास्त म्हणून बॉनेटवर मधोमध एक उंचवटा आला. फियाट जरा चौकोनी, सरळ रेषांची, डिकी आणि बसायची जागा ऐसपैस. काचा दोघींना हँडल फिरवून वर घेता येतात, त्यामुळे पाऊस आला तरी त्या काळच्या कित्येक इंग्लिश गाड्यांसारखे हाल होत नाहीत. दिसण्यात मला अल्फा आवडते, पण ह्याच्यावर भांडण नको.

खरी गोष्ट आहे बॉनेटच्या खाली. मासेराटी बंधूंनी आपली कंपनी १९३७ मध्ये ओर्सी घराण्याला विकली, करारामुळे आणखी दहा वर्षं तिथेच काम केलं आणि १९४७ ला बाहेर पडून बोलोन्याजवळ ओस्का नावाची छोटी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव गाडीवर लावता येत नव्हतं, तरी इंजिनं अशी बनवली की १९५४ ला अमेरिकेतली सेब्रिंगची १२ तासांची रेस ओस्काच्या दीड लिटरपेक्षाही छोट्या गाडीने मारली, स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड चालवत होते आणि समोर लान्चा कंपनीच्या दुपटीहून मोठ्या इंजिनांच्या गाड्या होत्या! त्याच घराण्यातलं डबल कॅमशाफ्टचं (झडपा उघडणारे दोन दांडे असलेलं) इंजिन फियाटने आपल्या कॅब्रिओलेत घातलं, आधी १४९१ सीसीचं १५०० एस मध्ये आणि १९६२ पासून १५६८ सीसीचं १६०० एस मध्ये. म्हणजे मासेराटी बंधूंनी आखलेलं इंजिन, फियाटच्या शोरूममधून, रोजच्या वापरायच्या गाडीत. हे मला अजूनही भारी वाटतं आणि ह्या गाडीची जी काय किंमत आहे ती ह्याचीच आहे.

पण इथेच गोची पण आहे. हे इंजिन फार थोड्या गाड्यांत गेलं, ओस्का १९६३ ला मोटरसायकलवाल्या एमव्ही अगुस्ता कंपनीकडे गेली आणि १९६७ मध्ये बंदच झाली, त्यामुळे आज सिलिंडर हेड किंवा कॅमशाफ्ट खराब निघाला की पार्ट शोधण्यात महिने जातात आणि मिळाला तर समोरचा मागेल तो भाव. अल्फाचं तसं नाही. तिचं पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं डबल कॅम इंजिन कंपनीने सुधारत सुधारत नव्वदच्या दशकापर्यंत चालवलं, गॅस्केट, लायनर, पिस्टन, बेअरिंग सगळं आजही नवीन बनतंय, आणि ते उघडून बसवलेले मेकॅनिक युरोपभर आहेत. ताकद दोघींची जवळपास सारखी, ९० हॉर्सपॉवरच्या आसपास. अल्फाची व्हेलोचे, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती, असेल तर ११२, पण तिची किंमत वेगळीच.

चालवायला अल्फा जिंकते. पाच गिअर पहिल्यापासून, फियाटला पाचवा १९६५ ला आला, म्हणजे बहुतेक गाड्या चारच गिअरच्या. मागचा अ‍ॅक्सल दोन्हीकडे सलगच, पण अल्फाला कॉइल स्प्रिंग आणि फियाटला पाटे, खराब रस्त्यावर वळणात फरक लगेच कळतो. फियाट १९५९ ला १२०० कॅब्रिओले म्हणून आली तेव्हा तिच्या खालचा सांगाडा ११०० च्या कुटुंबातलाच होता, आपल्या कुर्ल्याला प्रीमियरने जी फियाट वर्षानुवर्षं बनवली आणि जी पुढे पद्मिनी झाली तीच ही ११००, त्यामुळे पद्मिनी चालवलेल्या माणसाला मागच्या पाट्यांचा तो स्वभाव ओळखीचा वाटेल. ब्रेकमध्ये मात्र फियाट पुढे, १६०० एस ला चारही चाकांना डिस्क, तर सुरुवातीच्या जुलिया स्पायडरला चारही ड्रम. घाटात उतरताना हे लक्षात ठेवा.

आता फसवणूक. फियाटची १६०० एस आणि साधी, ओस्का इंजिन नसलेली १५०० बाहेरून जवळजवळ एकच, ग्रिलमधले जादा दिवे आणि मागचा बॅज कुणीही लावू शकतो, आणि मूळ इंजिन बिघडलं म्हणून साधं १५०० चं इंजिन टाकलेल्या एस पण फिरतायत. बॉनेट उघडून दोन कॅमशाफ्टची दोन वेगळी झाकणं दिसली पाहिजेत, आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला पाहिजे. नाहीतर तुम्ही मासेराटी बंधूंचे पैसे देऊन साधी फियाट घरी आणाल. अल्फात पण हे चालतं, जुलिएट्टात जुलियाचं इंजिन, साध्या स्पायडरला व्हेलोचे बनवणं. व्हेलोचेचा चासी नंबर १०११८ ने सुरू होतो, साध्या जुलिया स्पायडरचा १०१२३ ने, तेवढं बघा आणि अरेझेतल्या अल्फाच्या आर्काइव्हकडून दाखला मागवा, मगच टोकन द्या.

गंज दोघींना सारखाच खातो, दारांखालचे सिल, पायाखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला मालक नाही म्हणत असेल तर चहा पिऊन निघून या. बॉडीच चासी आहे, आतून कुजलेला सिल बदलण्याचा खर्च इंजिनाच्या ओव्हरहॉलपेक्षा जास्त जाऊ शकतो. अल्फा थंड असताना दुसऱ्या गिअरमध्ये टाकून बघा, खरखर आली तर सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) गेलेला आहे, भाव पाडायला चांगलं कारण.

कुणाला पूर्ण कागदांची, न उघडलेल्या, चालू ओस्का इंजिनाची १६०० एस मिळत असेल आणि जवळ एखादा इंजिनाचा खरा जाणकार असेल तर घ्याच, तशी परत दिसायला वर्षं जातील. इंजिन सुटं, खोक्यात भरलेलं मिळत असेल तर हात लावू नका, कितीही स्वस्त असू दे. आणि बजेट ह्या दोघींनाही पुरत नसेल तर साधी फियाट १५०० कॅब्रिओले बघा, शक्यतो १९६५ नंतरची पाच गिअरवाली, तेच रूप, ७५ हॉर्सपॉवरचं साधं पुशरॉड इंजिन जे कुठलाही बरा मेकॅनिक ठीक करेल. फक्त तिला एसच्या भावात घेऊ नका.